मिरी आली की मान हलवा

रेग्यांना जेवायला बोलवायचं म्हटलं की आखातातल्या आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगमधल्या मराठी बायकांना आदल्या दिवसापासून धडधड व्हायची. बाकीचे पुरुष कसे, पहिला घास पोटात जायच्या आत "वा, छान!" म्हणून मोकळे होतात आणि टीव्हीवरच्या क्रिकेटकडे वळतात. रेगे घास तोंडात धरून थांबायचे. मान किंचित डावीकडे, डोळे मिटलेले. मग एकदम मऊ आवाजात निकाल यायचा, "वहिनी, हिंग घातलात तेव्हा तेल पुरतं तापलं नव्हतं."

आणि ते खरं असायचं, हाच राग.

मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलं होतं, "भाऊजी, नुसतं छान म्हटलं तर काय बिघडतं हो?"

"छान म्हणजे काय, वहिनी? छान हा काही वास नाही. छान ही काही चव नाही. कळलं नाही की माणूस छान म्हणतो."

हे रेगे समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात वाइनचं बघायचे. कुठली मागवायची, कुठल्या जेवणाबरोबर कुठली द्यायची, बाटली उघडल्यावर ती चांगली आहे की बिघडलेली, हे सगळं त्यांच्या नाकावर चालायचं. मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांच्या बायकोला, सुलभाला, कुणी विचारलं, "हे काय करतात?" तर ती म्हणायची, "हुंगतात." एवढंच. पुढं सांगत नसे. आम्हा बायकांना वाटायचं ती लाजते. ती मजा करायची.

माणूस खरोखर सगळं हुंगायचा. वर्तमानपत्र उघडण्याआधी, नवा शर्ट घालण्याआधी, औषधाची गोळी गिळण्याआधीसुद्धा. पण त्यांचा खरा खेळ लिफ्टमध्ये. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं की बिल्डिंगमधली पोरं त्यांना घेरायची. "अंकल, थर्ड फ्लोअर?" रेगे नाक वर करायचे. "मेथी. आणि कुणीतरी दूध उतू घालवलंय." "फोर्थ?" "बिर्याणी, पण तांदूळ अजून चुलीवर नाही." पोरं धावत जाऊन दारं वाजवून खात्री करून यायची. चौथ्या मजल्यावरची हैदराबादी बाई एकदा दार उघडून म्हणाली, "रेगेसाब को बोलो, अब चढाया चावल."

सुलभा आजारी पडली तेव्हा त्यांची मुक्ता अकरावीत होती. आजार पोटाचा, आणि कळला तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. सात महिने. रेगे सुलभाला घेऊन वेंगुर्ल्याला गेले आणि दहनानंतर नुसत्या मुक्ताला घेऊन परत आले. येताना अंगात ताप होता. आठवडाभर पडून होते. मी रोज पेज पाठवत होते. ताप गेला, ते कामावर जायला लागले. रडले का, मला माहीत नाही. माझ्यासमोर नाही. मीही त्यांच्यासमोर रडले नाही. एसी घुरघुरत असायचा, आम्ही दोघं पेजेच्या भांड्याबद्दल बोलायचो.

त्यानंतर रेगे लिफ्टने जायचे बंद झाले. सहावा मजला, पण जिन्यानं. पोरं विचारायची, "अंकल, नो लिफ्ट?" "व्यायाम," म्हणायचे.

मला आधी काही कळलं नाही. आता सत्तरी उलटलेल्या माझ्यासारख्या म्हातारीला तेव्हाच्या त्या चाळिशीतल्या बाईची गंमत वाटते. स्वतःला फार हुशार समजायची. सांगलीच्या हळदीच्या पेढीवरची मुलगी, आम्हाला माणसं कळतात, वगैरे. प्रत्यक्षात शेजारचा माणूस चार महिने जिना चढत होता आणि हिला वाटत होतं, वजन कमी करतोय.

कळलं ते आमटीमुळे. एका शुक्रवारी रेगे आणि मुक्ता जेवायला होते. मी फोनवर बोलत बसले आणि आमटी खाली लागली. चांगली करपली. वरची वरची काढून वाढली, पण करपट वास काही लपत नाही. आमचे हे नाक मुरडून माझ्याकडे बघायला लागले. मुक्तानं चमचा खाली ठेवला, "Aunty, something's burnt." मी मान खाली घातली. आता रेग्यांचा निकाल.

रेग्यांनी घास घेतला. मान डावीकडे केली. डोळे मिटले. आणि म्हणाले,

"छान झालीय."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर मुक्ता आणि हे टीव्हीसमोर बसले. मी रेग्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आला होता ना. तेव्हापासून."

"काहीच नाही?"

"खारट, गोड, आंबट, तिखट कळतं. जिभेला. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित परत, इन्शाल्ला." मग भांडी विसळल्यासारख्या सपाट आवाजात म्हणाले, "सुलभाचं कपाट मी उघडत नव्हतो, वहिनी. तिचा वास जाऊ नये म्हणून. ताप गेल्यावर एक दिवस उघडलं. तर नुसते कपडे होते."

मी डबी बंद केली. "सुपारी देऊ का?" म्हटलं. हे माझं तेव्हाचं शहाणपण.

हॉटेलात कुणाला माहीत नव्हतं. चार महिने त्यांनी जुन्या आठवणीवर आणि बाटलीवरच्या चिठ्ठ्यांवर निभावून नेलं होतं. पण नवीन माल आला की पंचाईत. आणि कळलं असतं तर नोकरी खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मुक्ता त्यांच्याच व्हिसावर. तिची बारावीची बोर्डाची परीक्षा पुढच्या वर्षी मार्चमध्ये. "मार्चपर्यंत, वहिनी," ते म्हणाले. "एवढं झालं की मी स्वतःच सांगेन त्यांना."

पुढच्या शुक्रवारी ते रुमालात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. आमच्या डायनिंग टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचं नाक पाहिजे."

"मी? वाइन? भाऊजी, घरात देव आहेत!"

"प्यायची नाही. तोंडात घोळवायची आणि थुंकायची."

"ते तर आणखीनच घाण."

आमचे हे सोफ्यावरून ओरडले, "यल्ला, घे ना! सत्यनारायणाच्या तीर्थात थोडीच घालणार आहेस?"

मी काय केलं ऐका. देव्हाऱ्यासमोर पडदा ओढला. साडीवर टॉवेल बांधला, जणू रंगपंचमी आहे. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात थुंकायला स्टीलचं पातेलं. आणि पहिल्या घोटाला थुंकायचं विसरून गिळून टाकली. त्यानंतर तीन वेळा चूळ भरली आणि देवांना पडद्याआडूनच नमस्कार केला.

ती ऑस्ट्रियाची पांढरी वाइन होती. ग्रूनर फेल्टलिनर. रेगे म्हणाले, ग्रूनर म्हणजे हिरवी. त्या देशात साध्या खानावळीतसुद्धा हीच पितात, ताजी ताजी, फार मुरवत बसत नाहीत. दिसायला फिक्कट, ग्लासाच्या कडेला पोपटी झाक.

"कसला वास येतोय?"

"छान आहे."

"वहिनी."

मी पुन्हा नाक घातलं. "हिरव्या सफरचंदाची साल. आणि लिंबू... नाही, ईडलिंबू. आणि मुळ्याचा पाला ओला असतो तसं काहीतरी."

"आणखी? मागं काही झणझणतंय का? नाकाच्या शेंड्याला?"

"मिरी!" मी ओरडलेच. "पण काळी नाही. पांढरी मिरी. आत्ताच कुटलेली."

रेग्यांनी डोळे मिटले. किती तरी वेळ तसेच बसले. त्यांच्या डोक्यात कुठंतरी त्या वाइनची जागा होती आणि माझ्या शब्दांनी ते तिथपर्यंत चाचपडत जात होते, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, माणसाला डुलकी लागली.

मग ते दर शुक्रवारी यायला लागले. मी वास सांगायचे, ते लिहून घ्यायचे. "कुंडीला पाणी घातल्यावर येतो तसा," मी म्हणायचे. "मिनरल," ते लिहायचे. "कच्च्या मटाराच्या शेंगा." ते हॉटेलच्या भाषेत काहीतरी भारी लिहायचे. मुक्ता अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात धरून आमच्याकडे बघायची आणि म्हणायची, "You two are so weird."

आणि बरोबर काय खायचं याचा तर शोधच लागला. रेगे सांगायचे, ऑस्ट्रियात मांसाचा पातळ तुकडा कुटून, पावाचा चुरा लावून तळतात, वर लिंबू पिळतात, त्याच्याबरोबर ही पितात. "म्हणजे रवा लावून तळलेली सुरमई," ते म्हणाले, "आमची." मी शाकाहारी, मी माझी कोथिंबीरवडी आणली. खाल्ली, वर एक घोट. तळणीचा तेलकटपणा जिभेवरून पुसल्यासारखा गेला आणि कोथिंबीर पुन्हा ताजी झाली. दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर जमली. शेवग्याच्या शेंगा जमल्या. लाल तिखटाचा रस्सा अजिबात नाही. तिखट नुसतं भडकायचं. चिंचगुळाच्या आमटीपुढे वाइन बिचारी पाण्यासारखी झाली.

महिन्याभरात मी इतकी फुगले की विचारू नका. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका बाईनं पन्हं दिलं, तर मी घोट घेऊन मान डावीकडे केली आणि म्हटलं, "सुरुवात चांगली आहे, पण शेवट आखूड." ती बाई परत बोलावण्याचं नाव घेईना. रेग्यांना सांगितलं तर त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. सुलभा गेल्यापासून तेवढंच.

पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रियाहून एक म्हातारा येणार होता. द्राक्षाचे मळे त्याचे, वाइनही त्याची. हॉटेलच्या लेबनीज मॅनेजरला वीस बड्या गिऱ्हाइकांसाठी जेवण करायचं होतं. रेग्यांनी सुचवलं, या वाइनबरोबर घरगुती मराठी जेवण ठेवू, माझ्या ओळखीच्या बाई आहेत. त्यामागचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक. पाहुण्यांसमोर बाटल्या उघडायच्या म्हणजे प्रत्येक बाटली आधी तपासायची. बुचाला कधीकधी बुरशी धरते आणि आख्खी बाटली वाया जाते. बाहेरून कळत नाही, नाकालाच कळतं.

"तुम्ही पँट्रीत असाल," रेग्यांनी समजावलं. "मी बाटली उघडेन, थोडी ओतून तुम्हाला देईन. मिरी आली की मान हलवा. नाही आली तर सांगा. बास."

"बिघडलेलीचा वास कसा असतो?"

"तुम्हाला कळेल. छान नसतो." आणि स्वतःच्याच शब्दावर जरासे थबकले.

त्या संध्याकाळी सगळं घड्याळासारखं चाललं. सुरमई हॉटेलच्या शेफनं तळली, बाकी सगळं माझं. रेगे काळ्या कोटात, सरळ ताठ. बाटली, ग्लास, माझं नाक. मिरी. मान हलवली. बाटली, ग्लास. मिरी. मान हलवली. पहिल्या आठ बाटल्या अशा गेल्या. दारातून मला तो म्हातारा दिसत होता. लाल गालांचा, जाड बोटांचा. आमच्या मार्केट यार्डातला एखादा शेतकरी कोट घालून बसावा तसा.

शेवटच्या दोन बाटल्या खास होत्या. म्हाताऱ्याच्या सगळ्यात जुन्या वेलींच्या द्राक्षांच्या. विमानात स्वतःच्या हातात धरून आणलेल्या, असं मॅनेजर सगळ्यांना सांगत होता. रेग्यांनी त्यातली पहिली उघडली. मला ग्लास दिला.

मिरी नव्हती.

ओल्या गोणपाटाचा वास होता. हा वास मला जगात कुणी शिकवायला नको. वडिलांच्या पेढीवर हळदीची पोती भिजली की असाच यायचा, कोंदट, पुठ्ठ्यासारखा. वडील लगेच ते पोतं बाजूला काढायला लावत.

आणि मी काय विचार केला? तो माणूस इतक्या लांबून हातात धरून घेऊन आलाय. पाहुण्यानं घरून आणलेल्या वस्तूला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. लाडू दगडासारखा असला तरी "छान झालाय हं" म्हणून खायचा आणि डबा साखर घालून परत करायचा. तेच मी त्या बाटलीला लागू केलं. वर हेही मनात आलं, सगळ्यात भारी आहे, हिला असाच वास असेल. आपल्याला काय कळतंय?

"मिरी?" रेग्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. बाहेरून मॅनेजरनं हाक मारली, "यल्ला, हबीबी, यल्ला!" आणि ते बाटली घेऊन गेले.

मी कोथिंबीरवडीचं ताट घेऊन दारात आले. म्हाताऱ्यानं ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. रागावला नाही. हात वर करून बाकीच्यांना थांबवलं आणि ग्लास रेग्यांपुढे धरला, तुम्हीच बघा, अशा अर्थानं. रेग्यांनी नाक घातलं. मला माहीत होतं त्या ग्लासात त्यांच्यासाठी काय आहे. काही नाही.

मॅनेजर हसतच इंग्रजीत म्हणाला, "रेगे, ही तू तपासलीस ना?" मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "की मॅडमनी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. बारा वड्या होत्या, एका वडीचा कोपरा तुटला होता. एवढं मला अजून आठवतं. मी तोंड उघडलं नाही.

"मी तपासली," रेगे म्हणाले. "मॅडमचा काही संबंध नाही. मला वास येत नाही, सर. चौदा महिने झाले."

एसी चालू होता. मग म्हातारा उठला, त्यानं दुसरी बाटली स्वतः उघडली, हुंगली, आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढली. लोक जेवले. वड्या संपल्या. निघताना चार-पाच जणांनी मला सांगितलं, जेवण फार छान होतं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान."

मॅनेजर मनानं वाईट नव्हता. मुक्ताची परीक्षा होईपर्यंत त्यानं रेग्यांना कामावर ठेवलं, पण खाली, टॉवेल आणि चादरींच्या स्टोअरमध्ये. मार्चअखेर व्हिसा रद्द. मुक्ताचा शेवटचा पेपर झाला त्याच्या आठव्या दिवशीचं विमान होतं. त्या दोन महिन्यांत रेगे आमच्याकडे जेवायला आले नाहीत. मी बोलावलंही नाही. जिन्यात भेटलो तर ते म्हणायचे, "मुक्ताचं फिजिक्स झालं." मी म्हणायचे, "बरं." आत काही वाटतंय का, म्हणून मी स्वतःला तपासून बघायचे. इंजेक्शन दिलेल्या हिरडीला जीभ लावून बघतो ना, तसं.

जायच्या दिवशी ते किल्ल्या द्यायला आले. मुक्ता आणि बॅगा खाली टॅक्सीपाशी. मी वाटेसाठी कोथिंबीरवड्यांचा डबा भरत होते. एक गरम वडी त्यांच्या हातावर ठेवली. सवयीनं तोंडातून गेलंच, "कशी झालीय?"

रेग्यांनी घास घेतला. मान डावीकडे. डोळे मिटले.

"गरम आहे," म्हणाले. "वरून कुरकुरीत. आतून मऊ, पण मध्ये जरा चिकट. बेसन पाव वाटी जास्त झालंय. मीठ बरोबर."

बेसन खरंच जास्त झालं होतं.

डबा घेऊन ते निघाले. मी त्यांच्या मागं बाहेर आले. ते जिन्याकडे वळले नाहीत, त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट वर यायला वेळ लागतो, तेवढ्यात मी बोलले.

"भाऊजी, त्या बाटलीला वास होता. ओल्या गोणपाटाचा. मला आला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"उरलेली घरी आणली होती. मुक्ताला हुंगायला दिली. ती म्हणाली, बाबा, wet cardboard." मग म्हणाले, "आणि तुम्ही छान म्हणालात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तरी का गेलो बाहेर?"

लिफ्ट आली. ते आत गेले. मी आणखी काहीतरी म्हणणार होते, माफीबिफीचं. पण दार लागलं. आमच्या लिफ्टच्या दाराला हातभर काचेची पट्टी होती. तिच्यातून मला दिसलं. रेग्यांनी डब्याचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं, आणि डोळे मिटून वाट बघत उभे राहिले.

लिफ्ट खाली गेली.